मदत हवी आहे: इंग्रजीत 'उत्प्रेक्षा' कुठं बसवायची?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. पोरगी यंदा एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी), मराठी माध्यम. इंग्रजीच्या पेपरात कवितेची ओळ देऊन 'फिगर ऑफ स्पीच' ओळखायला सांगतात.

माझंही शिक्षण मराठीतूनच, म्हणून आपले अलंकार लावून शिकवायला बसले. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. इथवर गाडी बरी चालली. मग ती म्हणाली, "'जणू' आलं की उत्प्रेक्षा, तर तिला इंग्रजीत काय म्हणायचं?" मी गप्प. आणि मेटॉनिमी, म्हणजे एका गोष्टीसाठी तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचं नाव घेणं, ती तर आमच्या व्याकरणात कुठं भेटलीच नाही.

काल कहर झाला. बाहेर आमच्याकडचा पाऊस, आणि निबंधात बाईसाहेबांनी लिहिलं, 'इट इज रेनिंग पेसल्स'. मुसळधार ना! मला विचाराल तर इंग्रजीतल्या 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'च्या कुत्र्यामांजरांपेक्षा मुसळं बरी.

उत्तर १ (निपाणी, शिक्षक)
ताई, उत्प्रेक्षेला इंग्रजीत वेगळी खोली नाही. 'अ‍ॅज इफ' आलं तरी शाळेच्या पेपरात सिमिलीच लिहायची. फक्त 'लाइक' दिसला की झडप घालू नको म्हणावं. 'आय लाइक टी'त कसली उपमा? 'शी लुक्स लाइक हर मदर' हीसुद्धा साधी तुलना. दोन्ही गोष्टी वेगळ्या जातीच्या हव्यात.

मेटॉनिमी अलंकारांत शोधू नका, शब्दशक्तीत बघा. आपली लक्षणा! शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, तेव्हा त्याच्याशी जोडलेला अर्थ घ्यायचा. 'सीमाप्रश्नावर बंगळूर गप्प, मुंबईही गप्प' म्हणतो तेव्हा शहरं गप्प नसतात, सरकारं असतात. 'द पेन इज मायटियर दॅन द स्वोर्ड' हे बुल्वर-लिटनच्या १८३९ च्या नाटकातलं वाक्य तसंच. पेन म्हणजे लेखन, तलवार म्हणजे बळ. 'घरात खाणारी सहा तोंडं', म्हणजे भागावरून अख्खा माणूस, ती सिनेक्डकी.

उत्तर २ (बेळगाव)
मुसळांचं सांगतो. 'कॅट्स अँड डॉग्ज' हा ईडियम, म्हणजे वाक्प्रचार, त्यातले शब्द बदलत नाहीत. आपण तरी 'उखळधार' म्हणतो काय? निबंधात सरळ 'रेनिंग हेविली' लिहू दे.

मूळ धागाकर्ती
लक्षणा! दहावीत घोकली होती की, पण इथं सुचलीच नाही. पोरगी आता स्वयंपाकघरातून ओरडायलीय, "आई, 'द केटल इज बॉयलिंग' मेटॉनिमी ना? उकळतंय पाणी, किटली नव्हे!"

उत्तर १
बरोबर. आधी गॅस बंद करायला सांगा.