मदत हवी आहे : दृष्टी गेल्यावर घरातली दुरुस्ती स्वतः कशी करायची?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. काचबिंदूमुळे माझी दृष्टी गेली. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढा उजेड समजतो, बाकी काही नाही. फोन आणि कॉम्प्युटर वाचून दाखवतात, त्यामुळे इथलं सगळं ऐकतो आणि लिहितोही.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात त्या विभागात झाली. नळ, कडी-कोयंडा, पंख्याचा कपॅसिटर, कपाटाची बिजागरी, काहीही बिघडलं तरी आमच्याकडे बाहेरचा माणूस कधी आला नाही. आता हत्यारांची पेटी माळ्यावर गेली आहे. घरचे मायेनेच म्हणतात, 'तुम्ही बसा, आम्ही बोलावतो कुणाला तरी.' पण मला बसून राहायचं नाही. पान्याला किती जोर लावला की आटा बसला, हे माझ्या मनगटाला आजही कळतं.

सध्या तीन कामं डोक्यात आहेत. स्वयंपाकघरातला जुना पितळी नळ ठिबकतो आहे. ओट्याच्या वर एक फळी बसवायची आहे, दोन ब्रॅकेटवर. आणि हॉलमधल्या एका सॉकेटमध्ये पिन ढिली बसते. यातलं तिसरं काम मी करावं की नाही, हेही सांगा. नेहमीचा टेस्टर आता निरुपयोगी आहे, कारण त्याचा दिवा बघायला लागतो.

व्हिडिओ बरेच ऐकले. त्यात 'हे असं धरायचं, इथून असं फिरवायचं' म्हणतात आणि मागे संगीत वाजतं. 'असं' म्हणजे कसं, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून विनंती, फोटो टाकलात तर खाली दोन ओळी वर्णन लिहा. ज्यांनी न बघता अशी कामं केली आहेत त्यांचा अनुभव सगळ्यात जास्त हवा आहे.

मी_पिंपरीकर :

काका, नळासाठी प्लंबर दोन-तीनशे रुपयांत येतो. उगाच धोका कशाला? काळजीपोटी लिहितोय.

गोदाकाठ :

काळजी पोचली, आभार. पैशांचा प्रश्न नाही. आपल्या घरातलं काम आपल्याला येतं, ही गोष्ट मला सोडायची नाही.

स्पर्शिका :

दादा, मी जन्मापासून अंध आहे, पुण्यात एकटी राहते आणि घरातले नळ मीच बघते. आमच्या शाळेत खुर्च्या विणायला शिकवलं, स्क्रू ड्रायव्हर कुणी हातात दिला नाही. तो मी मोठेपणी घेतला. तुमच्याकडे हात आधीच तयार आहेत, त्यामुळे फक्त पद्धत सांगते.

काम सुरू करायच्या आधी जागा बांधून घ्या. उंच काठाचं स्टीलचं ताट घ्यायचं, त्यात ओला रुमाल अंथरायचा. निघालेला प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवायचा आणि बसवताना उजवीकडून उचलत यायचं. ओल्या कापडावर स्क्रू घरंगळत नाही. सिंकच्या भोकात फडक्याचा बोळा घाला, एखादा स्क्रू तिथे गेला तर परत मिळत नाही. हत्यार हातातून खाली ठेवायचं ते ठरलेल्या जागीच. घरातल्या माणसांना सांगून ठेवा की काम चालू असताना ताटाला आणि हत्यारांना कुणीही हात लावायचा नाही. मदत म्हणून कुणी पाना उचलून शेजारी ठेवला की आपला सगळा हिशेब मोडतो.

आता नळ. मूठ दोन-तीन वेढे फिरत असेल तर तो वायसरवाला नळ. पाव वेढ्यातच थांबत असेल तर आत सिरॅमिकची चकती असते, तिथे वायसर नसतो, आतला भाग अख्खा बदलतात. तुमचा जुना पितळी आहे म्हणजे वायसर असणार. आधी स्वयंपाकघराचा मेन कॉक बंद करा, मग तोच नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या आणि अर्धा उघडाच ठेवा, म्हणजे स्पिंडल (मुठीखालची फिरणारी दांडी) दाबात राहत नाही. मुठीचा स्क्रू काढा, खालचा षटकोन पान्याने डावीकडे फिरवा, स्पिंडल वर येतो. वायसर त्याच्या बुडाशी असतो. बोट फिरवा. खराब वायसरवर गोल खाच उमटलेली असते, रबर कडक झालेलं असतं. मग करंगळी आत घालून ज्या कडेवर वायसर बसतो ती चाचपा. कड गुळगुळीत लागली तर नवा वायसर पुरे. नखाला खड्डा लागला तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत ठिबकेल, तेव्हा नळच बदला. दुकानात जुना वायसर घेऊनच जा.

नळ बदलावा लागला तर टेफ्लॉन टेप. आट्याचं टोक आपल्याकडे करून धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेप गुंडाळायची. झाल्यावर त्याच दिशेने अंगठा दाबून फिरवा. टेप उचलली गेली तर उलटी बसली आहे.

गळती तपासायला बोटं नकोत. हात ओले असले की काही कळत नाही. सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून थोड्या वेळाने गालाला लावून बघा. ठिबकण्यासाठी नळाखाली स्टीलची वाटी पालथी ठेवायची, रात्री घर शांत झालं की एकेक थेंब वाजतो.

वीजतंत्री :

सॉकेटबद्दल मी लिहितो, हा माझा धंदा आहे.

काका, बाजारात तारेला न टेकता वीज ओळखणारा टेस्टर मिळतो, पेनाएवढा. वीज असली की बीप वाजतो. काही थरथरतातही, तसलाच घ्या. पण त्याच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवू नका. सेल उतरला तरी तो गप्पच असतो. म्हणून आधी जिथे वीज आहेच अशा ठिकाणी वाजवून बघायचा, मग आपल्या सॉकेटला, मग परत पहिल्या ठिकाणी. तिन्ही वेळचं मिळून एक उत्तर धरायचं.

याच्या जोडीला रेडिओ. ज्या सॉकेटचं काम आहे त्यातच रेडिओ लावून मोठ्याने चालू करा आणि एमसीबी (बोर्डातले वीज तोडणारे खटके) एकेक करून खाली पाडा. रेडिओ थांबला तो तुमचा एमसीबी. आपल्याकडे खटका वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. पण उलटा बसवलेलाही मी पाहिला आहे, म्हणून रेडिओचा पुरावा हवाच. सापडला की त्या खटक्याजवळ एमसीलचा (दोन भाग मळून लावतात ती घट्ट होणारी लांबी) बारीक ठिपका लावून ठेवा. स्वयंपाकघराला एक, हॉलला दोन, असं.

एक गोष्ट डोळस माणसंही विसरतात : इन्व्हर्टर. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत राहतात. एकाच बोर्डात दोन्हीकडच्या तारा असू शकतात. त्यामुळे रेडिओ बंद पडला म्हणून शेजारचा पॉइंटही मेला असं धरू नका.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सॉकेटची पट्टी उघडू नका. पिन ढिली बसते म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या आहेत, सॉकेट बदलणं हाच उपाय. ते परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि तोवर तिथे इस्त्री, हीटर असं जड काही लावू नका, तापून जळतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका) आहे का ते त्याच वेळी विचारा. असला तर त्यावर टेस्टचं बटण असतं. ते मधूनमधून दाबायचं, खटका पडला तर तो नीट काम करतो आहे. हे काम मात्र तुम्ही जरूर करा.

स्पर्शिका :

आरसीसीबीचं पटलं. पण 'उघडू नका' हे आम्हाला इतक्या गोष्टींसाठी सांगितलं जातं की कारण दिल्याशिवाय मी ते ऐकत नाही. तारा जागच्या जागी ओळखायला मी त्यांना दोरे बांधते, एक गाठ, दोन गाठी. मग सॉकेटचं का नाही?

वीजतंत्री :

ताई, प्रश्न रास्त आहे. दोऱ्याने तार कुठून निघाली ते कळतं. ती आधीच चुकीची जोडलेली होती का, हे कळत नाही. जुन्या घरात लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा नियम पाळलेला असेलच असं नाही. इन्सुलेशन करपलंय का तेही बघायला लागतं. भिंतीतली तार कुणी कशी ओढली याची हमी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही देत नाही, मीटर लावतो. पिनटॉपची, म्हणजे वायरच्या टोकाच्या प्लगची गोष्ट वेगळी. तो भिंतीपासून पूर्ण सुटा करून हातात घेता येतो, त्याचं काम तुम्ही खुशाल करा. जाड, लांब पिन अर्थिंगची.

स्पर्शिका :

हे कारण मान्य.

सागवान :

फळीचं मी सांगतो. काका टूलरूमचे आहेत, त्यांना जिग (हत्यार नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा) समजावून सांगायची गरज नाही. पण मूळ सूत्र तेच. आपण डोळ्याने जे मापतो ते ठोकळ्यावर सोपवायचं.

लेव्हलसाठी मोजायची टेप नको. एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, फळी ओट्यापासून जितकी वर हवी तितक्या. दोन्ही एकत्र धरून टोकं बोटाने जुळवा, फरक असेल तर कानशीने घासा. त्या ओट्यावर उभ्या करायच्या आणि ब्रॅकेट त्यांच्या डोक्यावर टेकवायचे. मात्र ओट्याला सिंककडे उतार दिलेला असतो. आधी ओट्यावर एक गोटी ठेवून ऐका. ती घरंगळली तर पट्टीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून भर घाला. फळी ब्रॅकेटवर टेकवून तीच गोटी तिच्यावरही ठेवून बघा. उभ्या रेषेसाठी ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. आमच्या धंद्यात हे एकच साधन असं आहे की बोटाने वाचलं तरी अचूकपणा कमी होत नाही. दोरी स्थिर झाली की हलकं बोट लावून ब्रॅकेटची कड तिच्याशी जुळवा.

भोकाची खूण पेन्सिलीने करायची नाही. ब्रॅकेटच्या भोकातून जाड खिळा घालून हातोडीचा एक ठोका, भिंतीत खळगा पडतो. ड्रिल काटकोनात राहण्यासाठी २५ मिमी जाडीचा लाकडी ठोकळा घ्या आणि खांबावरच्या ड्रिल मशीनवर त्यात ६ मिमीचं सरळ भोक पाडून आणा. बिट ठोकळ्यातून पुढे काढून टोक खळग्यात बसवा, ठोकळा भिंतीला घट्ट लावा, मगच खटका दाबा. सुरुवात हळू, ड्रिलचा हॅमर मोड नंतर. गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती) ५० मिमी, ठोकळा २५, धुळीसाठी पाच जास्त, म्हणजे बिटवर ८० मिमीवर स्टॉप कॉलर (बिट पुढे जाऊ न देणारं कडं). कॉलर ठोकळ्याला टेकली की भोक पूर्ण.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तारा बहुतेक तिथूनच जातात. नळाच्या उभ्या रेषेतही नको, भिंतीत पाइप असू शकतो. आणि गॉगल घालाच. दिसत नाही म्हणून गॉगल कशाला, असं मनात येऊ देऊ नका. काचबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर धूळ आणि खडा डोळ्यात जाणं फार वाईट.

शिकागोहून :

एक भर. इथे शिकागोजवळ विनेटका गावात हॅडली नावाची संस्था आहे. विल्यम हॅडली हे शाळेत शिकवत. पंचावन्नाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, मग स्वतः ब्रेल शिकून त्यांनी १९२० मध्ये ही संस्था काढली. दृष्टी गमावलेल्यांसाठी तिचे पाठ फुकट आहेत, आणि घरातल्या दुरुस्तीचे पाठ ऐकूनच समजावेत असे बनवलेले आहेत. इंग्रजीत आहेत एवढीच अडचण.

रंग ओळखणं, छापील माप वाचणं यासाठी 'बी माय आइज' अ‍ॅप वापरा. कॅमेऱ्यातून स्वयंसेवक बघून सांगतात. २०१५ साली सुरू झालेल्या या अ‍ॅपची कल्पना हान्स योर्गन विबर्ग या डॅनिश फर्निचर कारागिराची, त्यांची स्वतःची दृष्टीही अधू आहे. मात्र ड्रिल हातात असताना फोनवर कुणाला विचारत बसू नका. आधी विचारा, फोन ठेवा, मग काम.

गोदाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. पेटी माळ्यावरून खाली आली.

नळ झाला. वायसरवर खाच होती, कड गुळगुळीत होती. स्पर्शिकाताई, ताटाची युक्ती फार कामाची. मी तीत एक भर घातली आहे : मूठ काढायच्या आधी फोनवर आवाज रेकॉर्ड करत गेलो, 'स्क्रू वरून, टोपी डावीकडे ठेवली, चकती तिसरी.' बसवताना तेच उलट्या क्रमाने ऐकलं. पालथ्या वाटीवर रात्रभर आवाज आला नाही.

रेडिओने एमसीबी शोधले, ठिपके लागले. मेन पाडल्यावरही हॉलमधले दोन पॉइंट वाजतच होते. ते इन्व्हर्टरवर आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सॉकेट बदलायला माणूस सांगितला आहे, आरसीसीबीचंही त्यालाच विचारतो.

सागवानभाऊ, ठोकळ्यात पोलादी ड्रिल बुश (बिट ज्यातून जातं ती नळी) बसवला तर भोक झिजणार नाही. जुन्या मित्राकडून ६ मिमीचा मागवला आहे. तो आला की फळी. तोवर एक शंका : एमसील मळताना दोन्ही भाग पूर्ण मिसळले हे तुम्ही रंगावरून ओळखता. बोटाला ते कसं कळतं?

स्पर्शिका :

दोन्हीचे सारखे गोळे करून घ्या. सुरुवातीला एक भाग जास्त मऊ लागतो, मळताना मऊ-कडक पट्टे बोटाखाली येतात. ते पूर्ण जाऊन गोळा सगळीकडे एकसारखा लागेपर्यंत मळायचं, आणि त्यानंतरही थोडं. शंका असेल तर गोळा मधून तोडून आतली बाजू चाचपा. आधी हातमोजे घाला, एमसील काहींच्या कातडीला सोसत नाही, आणि मग मोज्यांची बोटं ओली करा.