तुरुंगात बसून 'डॉन जुआन'चा अनुवाद? खरंच का?

कांदेपोहे: परवा एक मित्र सांगत होता की एका रशियन बाईने इंग्रज कवी बायरनचा 'डॉन जुआन' (भलंमोठं काव्य) स्टालिनच्या काळात तुरुंगात बसून रशियनमध्ये आणला, तोही सुरुवातीला नुसत्या पाठांतरावर. मला टिपिकल व्हॉट्सॅप फॉरवर्ड वाटलं. अहो सोळा सर्ग आहेत, मी वाचतानाच दुसऱ्या सर्गात दमलो. कोणाला नक्की माहितीये का?

जुनापुराणा: खरंय. तात्याना ग्नेदिच, जन्म १९०७, लेनिनग्राडमध्ये इंग्रजीची जाणकार. १९४४ ला अटक, आरोप देशद्रोहाचा, शिक्षा १० वर्षं. चौकशी चालू असताना कोठडीत मनातल्या मनात बायरनच्या ओळी रशियनमध्ये बसवायची. जबाब लिहायला म्हणून कागद दिला तर हिने त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात बायरनच उतरवला! आणि गंमत म्हणजे तो अधिकारी चिडायचं सोडून इम्प्रेस झाला, मग एकटीची कोठडी, कागद, बायरनचं पुस्तक, डिक्शनरी सगळं मिळालं, दोनेक वर्षांत काम हातावेगळं. आणि बक्षीस काय, तर उरलेल्या शिक्षेसाठी लेबर कॅम्प. सुटली १९५६ ला, पुस्तक आलं १९५९ ला.

शंकासुर: एक सांगतो, कोठडीतला हा सगळा किस्सा मुख्यतः एफिम एटकिंडच्या आठवणींतून आलाय, तो तिचा मित्र आणि गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत. त्यामुळे तिखटमीठ थोडं वजा करा. पण अनुवाद आहे ना समोर, तो काही दंतकथा नाही.

वृत्तवेडी: माझ्या मते तुरुंगापेक्षा अवघड काम यमकांचं. आठ ओळींचं कडवं, पहिल्या सहा ओळींत दोनच यमकं आलटून पालटून आणि शेवटच्या दोन ओळींत तिसरं, तिथेच बायरन टपली मारतो. 'इंटलेक्च्युअल'ला त्याने 'हेनपेक्ड यू ऑल' जोडलंय, बायकोच्या धाकातले नवरे! आता हे दुसऱ्या भाषेत आणा बरं. पाठांतराचं मात्र मला नवल नाही, यमक असलं की ओळ डोक्यात टिकते, आमच्या आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ होत्या आणि सही सोडून काही लिहिता येत नव्हतं.

सह्याद्री_७७: सावरकरांनी अंदमानात 'कमला' अशीच रचली ना?

वृत्तवेडी: हो, पण ती स्वतःची कविता. इथे मूळ इंग्रजी आणि नवं रशियन, दोन्ही डोक्यात धरायचं.

कांदेपोहे: भारीच. तिच्या स्वतःच्या कविता आहेत का?

जुनापुराणा: आहेत की, 'एट्यूड्स, सॉनेट्स' नावाचा संग्रह. निघाला १९७७ ला आणि बाई गेली १९७६ ला.

कांदेपोहे: अरेरे, एका वर्षाने हुकलं. आता तिसरा सर्ग काढतो.