मदत हवी आहे: मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाची नोंद कशी शोधावी?

खापरपणजोबांचे थोरले भाऊ १८६०च्या सुमारास रत्नागिरीकडून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला ऊसमळ्यावर करारानं गेले. घरच्या वहीत पुसट शाईत फक्त 'मोरस बेट' लिहिलंय. (आजी साखरेलाही मोरसच म्हणायची, तिकडून यायची म्हणून!)

असे मजूर पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरत. प्रत्येकाला क्रमांक मिळे. ती दफ्तरं आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, इथवर पोहोचलोय. वडीलधाऱ्यांना विचारून झालं, घरचे कागदही चाळले. जहाजाचं नाव किंवा क्रमांक कुठेच नाही. हाती आहे फक्त नाव, वडिलांचं नाव, गाव. प्रत्यक्ष तिकडे जाणं शक्य नाही.

क्रमांकाशिवाय, केवळ एवढ्यावर ईमेलनं शोध घेता येतो का? आणि 'विठू'सारखं नाव तिथल्या रोमन नोंदीत कोणकोणत्या स्पेलिंगनं शोधावं?