इ-सायकल घ्यायची आहे: हब मोटर की मिड-ड्राइव्ह? (रस्त्यात चढ, गुडघे दुखरे)

नमस्कार मंडळी,

रोज कामावर जायला इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं नक्की केलंय. जाऊन-येऊन १८ किलोमीटर होतात. रस्ता बहुतेक सपाट आहे, पण शेवटी सव्वा किलोमीटरचा सलग चढ लागतो. तेवढ्यात साधारण ७५ मीटर उंची चढते, म्हणजे सरासरी ६ टक्के. माझे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. डॉक्टरांनी सायकल जरूर चालवा म्हणून सांगितलंय, पण पायडलवर उभं राहून जोर काढायचा नाही अशी ताकीदही दिली आहे. साधी सायकल त्या चढावर हातात धरूनच न्यावी लागते. माझं आणि पिशवीचं मिळून वजन ८० किलो धरा.

बरंच वाचून, विचारून निवड दोन सायकलींवर आली आहे. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण अडलंय ते प्रकारावर.

पहिलीला मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर आहे. बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर. थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवायची कळ) आहे, केडन्स सेन्सर (पायडल फिरतंय का ते ओळखणारा) आहे, वजन २४ किलो. दुसरी मिड-ड्राइव्ह, म्हणजे मोटर पायडलच्या दांड्यापाशी. तीही २५० वॅटचीच, पण टॉर्क सेन्सरवाली (पायडलवरचा जोर ओळखून मदत देणारी). बॅटरी ३६ व्होल्ट, ११ अँपिअर-अवर, वजन २१ किलो, थ्रॉटल नाही. किंमत मात्र पहिलीच्या जवळजवळ दुप्पट.

रेंजचा हिशोब मी करून पाहिला. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, त्यामुळे पहिलीचे ५०४ आणि दुसरीचे ३९६. पायडल मारत गेलं तर किलोमीटरला १० ते १५ वॅट-अवर लागतात असं धरलं, तर लहान बॅटरीवरही निदान २६ किलोमीटर जाता येईल. काही वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी माझं येणं-जाणं एका चार्जिंगमध्ये होईल. त्यामुळे माहितीपत्रकातले रेंजचे मोठे आकडे मी बाजूला ठेवले. ते बहुधा हलका माणूस, सपाट रस्ता आणि सगळ्यात कमी मदत धरूनच काढलेले असतात.

दोन्ही सायकली दुकानाच्या आवारात चालवून पाहिल्या. सपाटीवर दोन्ही छानच वाटल्या, त्यामुळे ठरवायला काही मदत झाली नाही. माझे प्रश्न असे:

हब मोटर हा चढ रोज झेपवेल का, की तापून दम टाकेल? टॉर्क सेन्सरला पायाने जोर दिल्यावरच मदत मिळते म्हणतात, मग दुखऱ्या गुडघ्यांना तो उलट त्रासाचा ठरणार नाही का? आणि चढाच्या मध्येच थांबावं लागलं तर पुन्हा निघताना काय होतं? मला खरी धास्ती याचीच आहे. चढाच्या निम्म्यावर एक चौक आहे आणि तिथे बहुतेक वेळा थांबावंच लागतं.

कृपया स्वतः चढावर चालवणाऱ्यांनी सांगा. हा निर्णय चुकला तर सायकल घरात पडून राहील आणि गुडघ्यांसाठी मिळालेला एक चांगला व्यायाम हातचा जाईल.

प्रतिसाद १

तुमचे आकडे घेऊनच सांगतो. सायकल धरून एकूण वजन १०४ किलो. ६ टक्के चढ ताशी १० किलोमीटरने चढायला नुसत्या चढासाठी १७० वॅट लागतात, चाकांचं घर्षण आणि हवा धरून १९० ते २००. ताशी १५ ने गेलात तर २५५ वॅट आणि वर घर्षण-हवा वेगळी. तुमच्या पायांनी ६०-७० वॅट आरामात दिले तरी उरलेलं मोटरला पेलता येतं. २५० वॅट हा सलग चालण्याचा आकडा असतो (युरोपीय संघात मर्यादाच तेवढी आहे, आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते). थोडा वेळ बहुतेक मोटरी त्याहून बरंच जास्त देतात. सव्वा किलोमीटरला हब मोटर दम टाकणार नाही.

पण एक पथ्य पाळा. हब मोटरचा वेग चाकाशी बांधलेला असतो. चाक फार हळू फिरलं की तिची कार्यक्षमता घसरते आणि बॅटरीतली वीज उष्णतेत जाते. म्हणून तिला ताशी १०-१२ च्या खाली रखडू देऊ नका. मिड-ड्राइव्हला ही अडचण नाही, कारण ती सायकलचे गिअर वापरते. मात्र मोटरचा सगळा जोर चेनमधून जातो, त्यामुळे चेन आणि मागची चक्रं लवकर झिजतात. तो खर्च धरून चला.

प्रतिसाद २

मलाही गुडघ्याचाच त्रास आहे, म्हणून लिहिते. मोटर कुठे आहे यापेक्षा सेन्सर कोणता आहे याकडे जास्त लक्ष द्या, ताई.

केडन्स सेन्सर फक्त पायडल फिरतंय का एवढंच पाहतो. एकदा चालू लागलात की जोर न लावताही मदत मिळते, गुडघ्याला ते सुखाचं. पण पायडल थोडं फिरेपर्यंत मोटर गप्प असते, आणि चढावर निघताना नेमका तोच पहिला दाब गुडघ्यावर येतो. तुमच्या पहिल्या सायकलला थ्रॉटल आहे, त्यामुळे चौकातून निघताना तो दाबायचा, सायकल हलली की पायडल. मात्र तुमच्याकडे थ्रॉटलला परवानगी आहे ना, ते आधी बघा. सगळीकडे नसते.

टॉर्क सेन्सर पाय टेकताच मदत देतो. वरच्या मोडवर अगदी हलका दाबही पुरतो, त्यामुळे तुमची भीती निम्मीच खरी. पण थांबायच्या आधी हलक्या गिअरवर यायची सवय लावावी लागते. साध्या डिरेलरमध्ये (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेत) उभ्या सायकलीचे गिअर बदलत नाहीत, आणि जड गिअरमध्ये अडकलात तर मिड-ड्राइव्हही गुडघा सोडत नाही. हब मोटरबरोबर टॉर्क सेन्सर असलेल्या सायकलीही मिळतात, किंमत बहुधा मधली असते. तो तिसरा पर्याय जरूर पाहा.

सीटची उंचीही नीट लावून घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली राहिली तर कुठलीही मोटर उपयोगाची नाही.

प्रतिसाद ३

पंक्चरचाही विचार करा. हब मोटरचं मागचं चाक काढताना वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो आणि मोठे नट पान्याने ढिले करावे लागतात. रस्त्यात एकटीने करणं अवघड आहे. शिवाय त्याच आकाराची बॅटरी पुढे मिळेल का, हे विक्रेत्याला आत्ताच विचारा. बॅटरीचं सुरक्षा प्रमाणपत्र आणि मूळ चार्जर याबाबत अजिबात तडजोड नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थ्रॉटलचा मुद्दा आणि हलक्या गिअरवर येऊन थांबणं, दोन्ही माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता दुकानदाराला सांगून दोन्ही सायकली त्याच चढावर नेते आणि चौकात मुद्दाम थांबून निघून पाहते. तिसरा पर्यायही विचारते. तोवर एक सांगा: हब मोटर आणि टॉर्क सेन्सर असलेली सायकल कुणी रोज चढावर चालवतं का? निघताना तिची मदत लगेच येते की तिथेही क्षणभर थांबावं लागतं?