मागच्या चाकाचं बेअरिंग: ग्रीस भरून भागेल की बदलायचं?

कर्वेनगरकर
मंडळी, जुनी हॅचबॅक, मागे ड्रम ब्रेक, ८५,००० किमी. पावसाळा संपल्यापासून ५०-६०च्या वेगाला मागून घूंऽऽ असा आवाज येतोय. एक मेकॅनिक म्हणतो साफ करून ग्रीस भरू, दुसरा म्हणतो दोन्हीकडची बेअरिंग बदला. कोणाचं ऐकू?

पेठी_पाना
आधी आवाज बेअरिंगचाच आहे ना, ते बघा. टायर वेडावाकडा झिजला तरी असाच घुमतो. टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. चढउतार लागले तर टायर मागे-पुढे बदला. आवाज पुढे सरकला तर बेअरिंग निर्दोष. उजव्या वळणावर आवाज वाढत असेल तर संशय डाव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो.

मग पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा. एका हाताने कॉइल स्प्रिंग धरून दुसऱ्याने चाक फिरवा. गेलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते.

हबकॅप
दोन्ही मेकॅनिक बरोबर असू शकतात, बेअरिंग कुठलं त्यावर आहे. ड्रम ओढताना बाहेरचं बेअरिंग सुटून हातात आलं तर ते टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांचं, उघडता येणारं. ते रॉकेलने धुऊन सुकवा, पण हवेच्या प्रेशरने गरगर फिरवू नका. रोलर आणि कप (बाहेरची रिंग) उजेडात धरा. आरशासारखे गुळगुळीत असतील तर लिथियम ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरा. ऑइल सील आणि स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी) नवीनच घाला. नट चाक फिरवत आवळा, मग सैल करून नुसत्या बोटांनी टेकवा. करकचून आवळलेलं टेपर बेअरिंग तापून जळतं. खड्डे, निळसर डाग किंवा गंज दिसला तर कप आणि कोन (रोलरसकट आतली रिंग) जोडीने बदला. जुन्या कपात नवा कोन कधीच नको.

सीलबंद बॉल बेअरिंग असेल तर ग्रीसचा विषयच सोडा. आवाज आला म्हणजे आतले ट्रॅक (बॉल फिरतात त्या खाचा) सोलले गेलेत, ग्रीसने ते भरून येत नाहीत.

कर्वेनगरकर
ड्रम उघडला. सीलबंदच आहे. उजवीकडचं गुळगुळीत फिरतंय, डावीकडे खरखर आणि सीलवर गंज. दोन्ही बदलू का?

पेठी_पाना
फक्त डावं. चांगलं बेअरिंग प्रेसने (दाबयंत्राने) काढलं की तेही वाया जातं. नाना पेठेत घेणार असाल तर पार्ट नंबर जुळवून, बिलासकट घ्या.

हबकॅप
हातोड्याने ठोकू देऊ नका, प्रेसवरच बसवा. ड्रममध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर हवा. आतल्या रिंगवर दाबलं तर तो भार बॉलमधून जातो, ट्रॅकवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही काही दिवसांत घुमू लागतं. या प्रकारात नट सैल ठेवायचा नसतो, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आवळा. वीसेक किमी चालवून दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा. डावा जास्त तापला असेल तर आधी ब्रेक लायनर घासतोय का ते तपासा.