कॉलेज टेनिसचा सामना बघायला पहिल्यांदाच जातोय, काय माहीत असायला हवं?

रेवा_मावशी

नमस्कार मंडळी. माझी भाची इथे अमेरिकेत डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एका विद्यापीठाच्या मुलींच्या संघाकडून टेनिस खेळते. येत्या शनिवारी तिचा संघ आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर खेळायला येतोय. माझी आई, म्हणजे तिची आजी, नेमकी सध्या इकडे आली आहे. नातीला खेळताना तिने आजवर फक्त फोनवरच्या व्हिडिओत पाहिलंय. त्यामुळे जायचं हे नक्की.

टेनिस आम्ही टीव्हीवर बघतो, तेही विम्बल्डनच्या दिवसांत. भाची म्हणते, "मावशी, तिथल्यासारखं गप्प बसू नका हं, ओरडा!" पण कधी ओरडायचं, कुठे बसायचं, काहीच कल्पना नाही. ती सिंगल्स पाच नंबरला आणि डबल्स तीन नंबरला खेळते म्हणे. याचा अर्थ काय? तिकीट लागतं का? आईचं वय बघता किती वेळ बसावं लागेल? सामन्याआधी तिला भेटता येईल का? जाणकारांनी सांगावं.

कोर्ट_सहा

रेवाताई, आजींना नक्की न्या. माझा मुलगा चारही वर्षं कॉलेज टेनिस खेळला, बहुतेक सगळं सहा नंबरला. त्यामुळे या विषयावर लिहायला मला फार आवडतं.

आधी गणित. सामना दोन संघांचा असतो आणि एकूण गुण ७. सुरुवातीला तीन डबल्स एकाच वेळी चालू होतात, प्रत्येकी एकच सेट. तिन्हींपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग थोडी विश्रांती आणि सहा सिंगल्स, प्रत्येकाचा एक गुण. आधी ४ गुण करणारा संघ जिंकला. नंबर म्हणजे संघातला क्रम. सगळ्यात तगडी खेळाडू एक नंबरला, ती समोरच्या संघाच्या एक नंबरशी खेळते. तुमची भाची त्यांच्या पाच नंबरशी खेळेल. आणि पाच नंबर म्हणजे लिंबूटिंबू असं अजिबात समजू नका. एक नंबरच्या विजयाला जितका गुण, तितकाच पाच नंबरच्या विजयाला.

तिकीट बहुतेक ठिकाणी नसतं, पण यजमान संघाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एकूण अडीच ते साडेतीन तास धरून चला. बाहेर असेल तर ॲल्युमिनियमची बाकं असतात, पाठ टेकायला काही नाही. आजींसाठी घडीची खुर्ची आणि टोपी न्या. पाऊस आला तर सामना आत हलवतात आणि आत बसायची सोय बऱ्याचदा वरच्या गॅलरीत असते, तेव्हा जिन्याची चौकशी आधीच करा.

आता मला खरं सांगायचंय ते हे. सगळे प्रेक्षक एक आणि दोन नंबरच्या कोर्टासमोर बसतात, कारण बाकं तिथेच असतात. पाच-सहा नंबरची कोर्टं बहुतेक कडेला पडतात आणि तिकडे कुणी फिरकत नाही. या मुली आठवड्याचे कितीतरी तास घाम गाळतात, प्रवासात बसमध्ये अभ्यास करतात आणि मग जाळीपलीकडे एकही माणूस नसताना तिसरा सेट खेळतात. तुम्ही तिच्या कोर्टाजवळ जाऊन बसा. सिंगल्स सुरू झाले की सरळ उठा आणि खुर्च्या तिकडे घेऊन जा. पाहुण्या संघाच्या बाजूने तर माणसं आणखीच कमी असतात. दोन पॉइंटांच्या मधे तिच्या कानावर एक ओळखीचा आवाज पडला तर काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

माझ्या मुलाच्या तिसऱ्या वर्षी एक सामना ३-३ वर आला आणि फक्त सहा नंबरचं कोर्ट चालू राहिलं. तोवर तिथे मी आणि समोरच्या मुलाचे वडील, एवढेच होतो. बघता बघता दोन्ही संघ आणि सगळे प्रेक्षक येऊन जाळीला चिकटले. तिसरा सेट, ५-४, सर्व्हिस आमची, ४०-४०. कॉलेजमध्ये ॲडव्हांटेज नसतो. ४०-४० नंतरचा एकच पॉइंट, तो जिंकेल त्याचा गेम, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची ते घेणारा ठरवतो. त्या मुलाने डावी बाजू निवडली. माझा मुलगा एरवी चेंडूला तीन टप्पे देऊन सर्व्ह करतो, तेव्हा देतच राहिला. सर्व्ह मधल्या रेषेवर गेली, रिटर्न जाळीत. सगळा संघ कोर्टात धावला आणि तो त्यांच्याखाली दिसेनासा झाला. समोरच्या मुलाचे वडील माझ्याकडे वळले, हात मिळवला आणि मग आपल्या मुलाकडे गेले.

बॅकहँड_स्लाइस

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी स्वतः इथे कॉलेजमध्ये खेळलोय, तेव्हा कोर्टाच्या आतल्या बाजूचं थोडं सांगतो.

रेषेचा निर्णय खेळाडू स्वतः देतात. चेंडू आपल्या बाजूला पडला की आत की बाहेर ते आपण सांगायचं, आणि शंका असेल तर चेंडू आत धरायचा. पटलं नाही तर समोरची खेळाडू पंचाकडे दाद मागते. पंचाने निर्णय फिरवला तर तो मोजला जातो आणि असं वारंवार झालं तर दंड होतो. म्हणून प्रेक्षकांनी "आउट" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कितीही स्पष्ट दिसलं तरी नाही. खेळाडूच्या मनावर आधीच निर्णयाचा भार असतो, त्यात बाहेरून आवाज आला की ती कात्रीत सापडते. शिवाय दहा फुटांवरून तिरकं बघणाऱ्याला जे दिसतं ते बऱ्याचदा चुकीचं असतं.

पॉइंट चालू असताना शांत, संपला की हवं तेवढं ओरडा. मात्र शेजारच्या कोर्टावर त्याच वेळी पॉइंट संपला असेल आणि तिथून आरडाओरडा येईल, त्याने दचकू नका. खेळाडूंना त्याची सवय असते. समोरच्या मुलीच्या डबल फॉल्टवर टाळी वाजवू नये, एवढं पाळा.

प्रशिक्षक कोर्टात येऊन दोन पॉइंटांच्या मधेही सल्ला देऊ शकतात. ही मुभा फक्त त्यांना आहे, नातेवाइकांना नाही.

मुलांचा सामना कधी बघायला गेलात तर अजून एक गंमत दिसेल. डिव्हिजन वनच्या मुलांमध्ये सर्व्ह जाळीला लागून आत पडली तरी ती पुन्हा घेत नाहीत, पॉइंट तसाच चालू राहतो. सर्व्हिस घेणाऱ्याला डोळे जाळीच्या पट्टीवर खिळवून उभं राहावं लागतं.

सदाफुली

कॉलेज टेनिसला कमी समजणाऱ्यांनी आपला भारतीय टेनिसपटू सोमदेव देववर्मन आठवावा. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, एकेरीची स्पर्धा जिंकली. २००७ च्या अंतिम सामन्यात समोर अमेरिकेचा जॉन इस्नर होता आणि सामना जॉर्जियातल्या अथेन्सला, म्हणजे इस्नरच्या स्वतःच्या विद्यापीठात! परक्या कोर्टावर, परक्या गर्दीसमोर जिंकला तो. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

रेवा_मावशी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आईला वाचून दाखवलं. तिने दोन प्रश्न काढलेत. एक, मराठीत ओरडलं तर चालेल का? दोन, चार गुण झाले की सामना संपतो म्हणता, मग आमचीचा खेळ अर्धवट राहिला तर?

कोर्ट_सहा

आजींना नमस्कार सांगा. "शाब्बास", "चल बाळा", काहीही चालेल, खुशाल ओरडू द्या. "तिच्या बॅकहँडवर मार" एवढं मात्र म्हणायचं नाही. ते बाहेरून शिकवणं झालं आणि भाषा कुठलीही असली तरी ते चालत नाही. दोष भाचीच्या अंगावर येऊ शकतो.

दुसरं, हो, अर्धवट राहू शकतो. चौथा गुण झाला की चालू असलेले सामने तिथेच थांबवतात आणि निकालात ते अपूर्ण म्हणून लिहितात. कधी कधी दोन्ही प्रशिक्षक आधी ठरवून सगळे पूर्ण खेळवतात, पण ते गृहीत धरू नका. पहिला सेट जिंकून दुसऱ्यात पुढे असताना खेळ थांबला तर मुलीला वाईट वाटतं, पण संघ जिंकलेला असेल तर ती पुढच्या क्षणी मैत्रिणींच्या घोळक्यात असते. संघ हरलेला असेल तर तिला थोडा वेळ द्या. डबल्सचंही तसंच: दोन जोड्या जिंकल्या की तिसरी थांबते, आणि तुमची भाची तीन नंबरला आहे. म्हणजे तिचा डबल्स बघायचा असेल तर पहिल्या चेंडूपासून हजर राहा.

सामन्याआधी भेटायला जाऊ नका, ती सरावात आणि स्वतःच्या तंद्रीत असेल. लांबून हात केलात तरी पुरे. नंतर संघाची बैठक होते, स्ट्रेचिंग होतं, मग ती येईल. तोवर गेटजवळ थांबा.

आणि कोर्टावरचे स्कोअरचे आकडे खेळाडू स्वतः बाजू बदलताना पलटतात, ते पलटायला विसरतातही. फोनवर लाइव्ह स्कोअर उघडून ठेवा. पाच नंबरचा सामना बहुतेक वेळा पाच नंबरच्या कोर्टावरच असतो, तरी आत शिरताना कुणाला तरी विचारून घ्या आणि खुर्ची थेट तिकडेच लावा.