‘स्टेन्ड ग्लास’ला मराठीत काय म्हणाल?

कुलाब्याच्या अफगाण चर्चवर मराठीत लिहिते आहे. तिथल्या खिडक्यांना काय म्हणू? ‘रंगीत काच’ तोकडे वाटते, आणि एका भाषांतरात ‘डागाळलेली काच’ वाचून जीव हळहळला.

– ताई, ‘डागाळलेली’ नकोच. पण मूळ शब्द कुठून आला ते बघा. निळी, हिरवी काच वितळलेली असतानाच कोबाल्ट, तांबे घालून रंगवतात. चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या काळपट रंगाने रेखून भट्टीत भाजतात. काचेत खरोखर मुरतो, म्हणजे ‘स्टेन’ होतो, तो पिवळा. चांदीचे संयुग मागच्या अंगाला लेपून भाजले की रंग आत उतरतो. संतांची तेजोवलये, देवदूतांचे केस पुष्कळदा असेच पिवळे केलेले असतात. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि सांध्यांना डाख द्यायचा.

‘रंगीत काच’ तर वाड्याच्या दारावरही असते. मी ‘चित्रतावदान’ म्हणेन. तावदान आले फारसी ‘ताबदान’वरून. ताब म्हणजे तेज, आणि ‘दान’ पानदान-कलमदानातले. तेज ठेवायची जागा! इतका नेमका शब्द घरात असताना दुसरा कशाला शोधायचा?

– चित्रतावदान छानच. पण ‘मेमोरियल विंडो’चे काय? आपल्याकडे देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असते, तोच भाव. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या गावागावांतल्या चर्चना घरच्यांनी अशा खिडक्या दिल्या. मूल गेले असेल तर बालकांना आशीर्वाद देणारा येशू, सैनिक असेल तर कधी कफर्णहूमचा शताधिपती. हा ‘शताधिपती’ मराठी बायबलातला आहे, त्याचा ‘रोमन अधिकारी’ करू नका. पॅरिशलाही, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या भागालाही, वसईकडच्या ख्रिस्ती लोकांचा ‘धर्मग्राम’ आहेच.

– दोघांचे आभार. ‘चित्रतावदान’ घेतला. ‘स्मरणार्थ’पाशी मात्र अडले. त्याला आधी षष्ठी लागते: कोणाच्या? अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत गेलेल्यांसाठी बांधले, १८५८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. पूर्व-पश्चिमेची तावदाने न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सची. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढेच कोरले आहे, की ते इतके होते की त्यांची नावे अशी नोंदवता आली नाहीत.

म्हणून चर्चला ‘स्मारक’ लिहिते. ‘स्मरणार्थ’ जिथे नाव आहे तिथेच.